मॅरेथॉन: विकत घ्यायच्या आधी पडणाऱ्या शंका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बंजी या अमेरिकन स्टुडिओचा 'मॅरेथॉन' हा एक्स्ट्रॅक्शन शूटर प्रकारचा गेम ५ मार्च २०२६ रोजी प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, तसेच पीसीवर येणार असल्याचे जाहीर झाले आहे. किंमत ४० डॉलर. मे २०२३ मध्ये घोषणा झाली तेव्हापासून या गेमबद्दल उत्सुकतेपेक्षा शंकाच जास्त ऐकू येतात, आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. काही शंका एक रुपयाही न खर्चता तपासून पाहता येतात. काहींचे उत्तर मात्र गेम बाहेर येऊन सहा महिने उलटल्यावरच मिळेल. कोणती शंका कुठल्या गटातली, ते त्या त्या उत्तरात सांगितले आहे.

एक्स्ट्रॅक्शन शूटर म्हणजे काय? पबजीसारखाच ना?

नाही. पबजीत सगळे रिकाम्या हाताने उतरतात आणि हरलात तर हार तिथेच संपते. एक्स्ट्रॅक्शन शूटरमध्ये तुम्ही स्वतःच्या साठ्यातली बंदूक, चिलखत, औषधे घेऊन नकाशात उतरता, लूट गोळा करता आणि ठरलेल्या जागेवरून जिवंत बाहेर पडता. बाहेर पडलात तर सगळे तुमचे. मेलात तर सोबत नेलेलेही गेले, आणि ते बहुधा तुम्हाला मारणाऱ्याच्या पिशवीत जाते. म्हणजे एका फेरीतली हार पुढच्या फेरीत तुम्हाला गरीब करते.

'एस्केप फ्रॉम टारकोव्ह'ची बंद बीटा (निवडक लोकांसाठीची चाचणी आवृत्ती) २०१७ मध्ये सुरू झाली आणि या प्रकाराचा साचा तिथे पक्का झाला. क्रायटेकचा 'हंट: शोडाउन' २०१८ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. हे दोन्ही गेम अजून जिवंत आहेत, पण त्यांच्यामागून आलेले बरेच गेम टिकले नाहीत. खालच्या निम्म्या शंकांचे मूळ याच रचनेत आहे, म्हणून ती आधी समजून घेतलेली बरी.

मॅरेथॉनमध्ये नेमके करायचे काय?

टाउ सेटी ४ या ग्रहावरची मानवी वसाहत ओस पडली आहे. तुम्ही 'रनर' आहात, म्हणजे स्वतःचे शरीर सोडून कृत्रिम देहात उतरलेला भाडोत्री. या देहांना 'शेल' म्हणतात आणि प्रत्येक शेलच्या क्षमता वेगळ्या असतात. मुख्य खेळ तिघांच्या संघाचा आहे. नकाशात इतर संघ असतात, शिवाय संगणक चालवत असलेले शस्त्रधारी यंत्रसैनिकही असतात. सायबरअ‍ॅक्मी, न्यूकॅलोरिक, ट्रॅक्सस अशा कंपन्या-गटांची कामे घ्यायची, ती फेरीत पुरी करायची आणि त्या बदल्यात अपग्रेड मिळवायचे. पेरिमीटर, डायर मार्श आणि आउटपोस्ट हे नकाशे दाखवले आहेत. चौथा भाग खुद्द मॅरेथॉन या अंतराळयानावर घडतो.

लोक एवढे नाराज का आहेत? गेम तर अजून आलाही नाही.

कारण एक नाही, आणि ती एकाच वेळी आली नाहीत. ती क्रमाने पाहिली तर चित्र स्पष्ट होते.

मे २०२३ मध्ये प्लेस्टेशन शोकेसमध्ये आलेला ट्रेलर लोकांना आवडला. भडक रंग, वैद्यकीय उपकरणांसारखी स्वच्छ पांढरी यंत्रे, जाड ठळक अक्षरे. अशी धाटणी शूटर गेममध्ये क्वचितच दिसते. त्यात खेळ मात्र दिसला नव्हता. मार्च २०२४ मध्ये दिग्दर्शक बदलला. ख्रिस्तोफर बॅरेट यांच्या जागी 'व्हॅलोरंट'वर काम केलेले जो झिगलर आले. ही बातमी फुटताच 'आता हा हिरो शूटर (ठरावीक क्षमतांच्या तयार पात्रांचा गेम) होणार' अशी धास्ती पसरली, आणि स्वतःचा रनर घडवण्याऐवजी ठरावीक शेलमधून निवडायचे हे कळल्यावर ती वाढली.

एप्रिल २०२५ मध्ये खेळ पहिल्यांदा नीट दाखवला गेला आणि २३ सप्टेंबर २०२५ ही तारीख मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत बंद अल्फा, म्हणजे निवडक लोकांसाठीची सुरुवातीची चाचणी झाली. बंदुकांची हाताळणी जवळजवळ सगळ्यांना आवडली. तिथे बंजीचा हात धरणारे फार थोडे आहेत. तक्रारी आल्या त्या बाकीच्या गोष्टींवर. एकट्या खेळाडूसाठी वेगळी रांग (फेरीसाठी खेळाडू जमवण्याची व्यवस्था) नव्हती. जवळच्या शत्रूशी बोलता येईल असे प्रॉक्सिमिटी चॅट नव्हते. इमारतींच्या आत गेल्यावर खोल्या सपाट आणि ओक्याबोक्या वाटत होत्या. लूटीचे चिन्ह पाहून वस्तू काय आहे ते कळत नव्हते. पाच-सहा तासांनी 'आता पुढे काय?' हा प्रश्न पडत होता, आणि गूढ कथेचे आश्वासन खेळात दिसत नव्हते.

हे सगळे दुरुस्त होण्यासारखे होते. मे महिन्यात मात्र चित्रचोरीचे प्रकरण आले आणि शंका गेमपुरती न राहता स्टुडिओच्या सचोटीपर्यंत गेली. १७ जून २०२५ रोजी बंजीने तारीख मागे घेतली आणि नवी दिली नाही.

चित्रचोरीचे प्रकरण काय होते?

एका स्वतंत्र कलाकाराने आपली काही वर्षांपूर्वीची ग्राफिक डिझाइन मॅरेथॉनच्या अल्फामध्ये जशीच्या तशी दिसत असल्याचे पुराव्यानिशी दाखवले. बंजीने ते मान्य केले. पूर्वी काम करून गेलेल्या एका कर्मचाऱ्याने ती चित्रे एका टेक्स्चर शीटमध्ये (गेममधल्या पृष्ठभागांवर लावायच्या चित्रांच्या संचात) घातली होती, असे स्पष्टीकरण दिले आणि सगळ्या कलाकामाची तपासणी हाती घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये प्रकरण आपल्या समाधानाने मिटल्याचे त्या कलाकाराने जाहीर केले.

मग राग एवढा का टिकला? कारण ही पहिली वेळ नव्हती. 'डेस्टिनी २'च्या बाबतीत २०२१ मध्ये ट्रेलरमध्ये, २०२३ मध्ये एका कथादृश्यात आणि २०२४ मध्ये नर्फच्या खेळण्यातल्या बंदुकीवर चाहत्यांची कला न विचारता आलेली होती. दर वेळी चूक कबूल झाली आणि भरपाईची तयारी दाखवली गेली, पण पुढच्या वेळी काय अडवणार हे दिसले नाही. ज्या गेमचे पहिले आकर्षणच त्याची दृश्यशैली, त्याच गेममध्ये हे घडावे, याचे वाईट वाटणे साहजिक आहे.

तारीख पुढे ढकलल्यावर खरेच काही बदलले, की फक्त वेळ काढला?

बदलले, आणि ते पडताळण्याजोगे आहे. ऑक्टोबर २०२५ मधल्या बंद तांत्रिक चाचणीत प्रॉक्सिमिटी चॅट आणि एकट्यांसाठीची रांग आली. 'रूक' नावाचा नवा शेल आला. तो घेऊन चालू फेरीत मध्येच, स्वतःचे काहीही न नेता एकट्याने उतरता येते. डिसेंबरमधल्या व्हिडिओत वातावरण जास्त अंधारे, ओले, भयाण केलेले दिसले. मेलेल्या रनरची अवस्था किती वेळापूर्वी मेला ते सांगते, त्यामुळे शत्रू जवळ आहे का याचा अंदाज येतो.

बदल न झालेली गोष्ट म्हणजे शेलची रचना. ठरावीक क्षमतांचे शेल हाच गेमचा पाया राहिला आहे. ज्यांचा विरोध मुळात त्यालाच आहे, त्यांनी साडेपाच महिन्यांच्या उशिराने मत बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हा जुन्या मॅरेथॉनचा पुढचा भाग आहे का?

विश्व तेच, खेळ वेगळा. मूळ 'मॅरेथॉन' १९९४ मध्ये मॅकिंतॉशवर आला, दुसरा भाग १९९५ मध्ये, तिसरा १९९६ मध्ये. ड्युरांडल हे बंडखोर कृत्रिम बुद्धीचे पात्र आणि टर्मिनलवर वाचायची कथा ही त्याची ओळख. नवा गेम त्या घटनांनंतरच्या काळात घडतो, पण त्यात एकट्याने खेळायची मोहीम नाही. जुन्या चाहत्यांचे दुःख नेमके हेच आहे आणि ते खरे आहे. कथा कितीही चांगली असली तरी मागे शत्रूची पावले वाजत असताना टर्मिनल वाचता येत नाही.

कथाच हवी असेल तर तिन्ही जुने भाग स्टीमवर 'क्लासिक मॅरेथॉन' नावाने फुकट आहेत. ते 'अ‍ॅलेफ वन' या मुक्तस्रोत इंजिनावर चालतात आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतात.

बंजीवर विश्वास ठेवावा का?

या प्रश्नाचे दोन भाग करू. कौशल्यावर शंका घ्यायला जागा नाही. 'हेलो' आणि 'डेस्टिनी' बनवणाऱ्यांना बंदूक हातात कशी बसावी हे कळते.

दिलेली गोष्ट टिकवण्यावर मात्र शंका घ्यायला भक्कम कारण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डेस्टिनी २' मधून मंगळ, बुध, आयओ, टायटन आणि मूळ 'रेड वॉर' मोहीम काढून टाकण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फोरसेकन'ची मोहीम गेली. लोकांनी पैसे देऊन घेतलेली ही सामग्री होती. कारण तांत्रिक दिले होते: गेमचा आकार फुगला, जुने भाग प्रत्येक अपडेटमध्ये मोडत होते. कारण खरे असले तरी विकत घेतलेली वस्तू गेली, हेही खरेच.

त्यात स्टुडिओची प्रकृती बरी नाही. सोनीने २०२२ मध्ये ३.६ अब्ज डॉलरला बंजी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे १०० आणि जुलै २०२४ मध्ये २२० जणांना नोकरीवरून काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रमुख पीट पार्सन्स पायउतार झाले आणि जस्टिन ट्रुमन आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनीने बंजीच्या मालमत्तेचे मूल्य सुमारे ३१.५ अब्ज येनने घटवून हिशेबात नोंदवले. यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ एवढाच की मॅरेथॉनला हळूहळू जम बसवायला कितपत मुभा मिळेल, हे बंजीच्या एकट्याच्या हातात नाही.

'काँकॉर्ड'सारखा दोन आठवड्यांत बंद पडेल का?

तशी शक्यता आम्हाला कमी वाटते. 'काँकॉर्ड' हा सोनीचा हिरो शूटर २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. त्याची अडचण वेगळी होती: लोकांना तो गेम माहीतच नव्हता, आणि त्या प्रकारात चांगले गेम फुकट उपलब्ध होते. मॅरेथॉन आवडो न आवडो, तो माहीत नाही असा शूटर खेळाडू विरळाच.

किंमत मात्र अडचण ठरेलच असे नाही. 'हेलडायव्हर्स २' फेब्रुवारी २०२४ मध्ये ४० डॉलरलाच आला आणि प्रचंड चालला. तोही सोनीचाच.

एक सावधगिरी: 'काँकॉर्ड'चे पैसे सोनीने सगळ्यांना परत केले, म्हणून पुढेही तसेच होईल असे धरून चालू नका. तो त्या वेळचा निर्णय होता, नियम नव्हे. मॅरेथॉनचा खरा धोका झटक्यात बंद पडण्याचा नसून हळूहळू रिकामे होण्याचा आहे. जर्मनीच्या यागर स्टुडिओचा 'द सायकल: फ्रंटियर' जून २०२२ मध्ये पूर्ण रूपात आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. तो वाईट गेम नव्हता.

खेळाडू थोडे कमी झाले तर एवढे काय बिघडते?

या प्रकारात बरेच बिघडते, आणि ते आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे.

समजा, एका फेरीत १५ खेळाडू लागतात, फेरी २५ मिनिटांची आहे आणि रांगेत कुणाला दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायला लागू नये. म्हणजे दर दोन मिनिटांनी एक नवी फेरी सुरू व्हायला हवी. एका वेळी साधारण १२ फेऱ्या चालू, म्हणजे १८० खेळाडू. हे झाले एका नकाशाच्या एका रांगेचे. आता एकटे, जोडी आणि तिघे अशा तीन रांगा आणि चार नकाशे धरा: बारा वेगळे गट. एका प्रदेशात कोणत्याही क्षणी दोन हजारांहून जास्त लोक खेळत असायला हवेत. बरेच जण फेरी संपायच्या आधीच मरतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल. पण खेळाडू सगळ्या रांगांत सारखे वाटलेले नसतात. त्यामुळे तो पुन्हा वर जातो. त्यात कौशल्यानुसार जोड्या लावायच्या म्हटल्या तर प्रत्येक गटाचे आणखी तुकडे पडतात.

लोक कमी झाले की स्टुडिओसमोर तीनच रस्ते राहतात. रांगा बंद करायच्या, नवख्याला मुरलेल्यांसोबत टाकायचे, किंवा दूरच्या प्रदेशातल्या सर्व्हरवर पाठवायचे. तिन्हींचा मार आधी नवख्यांना बसतो. ते सोडून जातात, मग उरलेल्यांत सगळ्यात कमकुवत कोण, तर काल मधल्या फळीत असलेले. पुढच्या महिन्यात तेही जातात. पबजीसारख्या बॅटल रोयाल गेममध्ये हरलेला लगेच पुन्हा त्याच पातळीवर उभा राहतो, म्हणून ही गळती तिथे सावकाश होते. इथे हरलेला गरीबही झालेला असतो.

म्हणून एकट्यांच्या रांगेची अल्फातली मागणी लाड पुरवून घेण्यासाठी नव्हती. तिच्यावर गेमचे आयुष्य अवलंबून आहे.

'आर्क रेडर्स' असताना हा कशाला?

बऱ्याच लोकांसाठी याचे उत्तर 'गरज नाही' असेच आहे. स्टॉकहोमच्या एम्बार्कचा 'आर्क रेडर्स' ३० ऑक्टोबर २०२५ रोजी आला, त्याचीही किंमत ४० डॉलर. तो चांगला चालला आणि त्यामुळे मॅरेथॉनकडे बघण्याची पट्टी बदलली.

दोन्हींत फरक आहेत ते असे. 'आर्क रेडर्स' पात्राच्या पाठीमागून पाहणाऱ्या (थर्ड पर्सन) कॅमेऱ्याने खेळतात, त्यामुळे भिंतीमागे लपूनही कोपऱ्यापलीकडचे दिसते. मॅरेथॉनमध्ये पात्राच्याच डोळ्यांनी पाहता, म्हणून डोकावल्याशिवाय दिसत नाही. 'आर्क रेडर्स'मध्ये शत्रू असलेली यंत्रे एवढी भारी आहेत की अनोळखी माणसे गोळी न झाडता हातमिळवणी करतात. मॅरेथॉनमध्ये माणूस लवकर मरतो आणि शेलच्या क्षमता चढाई करणाऱ्याला बळ देतात, त्यामुळे तिथे आधी गोळी सुटेल. शांतपणे लूट गोळा करायला आवडत असेल तर 'आर्क रेडर्स' घ्या. झटपट, अटीतटीची चकमक आवडत असेल तर मॅरेथॉनकडे लक्ष ठेवा.

४० डॉलर देऊन पुन्हा आत दुकान कशाला?

बंजीची बाजू अशी: नवे नकाशे, शेल आणि सीझनच्या (गेमच्या ठरावीक काळाच्या पर्वाच्या) घडामोडी मूळ किमतीतच मिळतील; पैशाने विकले जाईल ते फक्त रूप सजवण्याचे सामान; आणि रिवॉर्ड पासला (खेळत जाऊन बक्षिसे उघडण्याच्या पासला) मुदत नसेल, जुना पास नंतरही घेऊन पुरा करता येईल. शेवटचा मुद्दा खरोखर चांगला आहे.

पैसे भरून ताकद मिळणार नाही, हे आश्वासन मात्र कृतीत पाहायचे. एप्रिल २०२४ मध्ये टारकोव्हने २५० डॉलरची आवृत्ती काढली आणि ज्यांनी आधीच 'पुढचे सगळे मिळेल' या वचनावर महागडी आवृत्ती घेतली होती त्यांना त्यातला नवा पीव्हीई (फक्त संगणकाच्या शत्रूंशी खेळायचा) भाग नाकारला. गदारोळ झाल्यावर माघार घेतली. दुकानात तीन गोष्टींवर नजर ठेवा: साठ्याची जागा, मरताना वाचणारी पिशवी, आणि कामांचा वेग वाढवणारे काही. यातले एकही पैशाने मिळू लागले की ते सजावटीचे सामान राहत नाही.

प्लेस्टेशनवाल्यांनी आणखी एक खर्च धरावा. विकत घ्यायच्या ऑनलाइन गेमसाठी प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व लागते. पीसीवर असे काही लागत नाही.

दर सीझनला सगळे पुसून टाकणार म्हणे. मग मेहनत कशाला करायची?

हो, प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला साठा आणि गटांमधली प्रगती शून्यावर येते. सजावटीचे सामान राहते.

ऐकायला कठोर वाटते, पण या बाबतीत आम्ही बंजीच्या बाजूचे आहोत. पुसले नाही तर तीन महिन्यांत जुन्यांकडे न संपणारा साठा जमतो. त्यांना हरण्याची भीती उरत नाही आणि नवख्याला प्रत्येक वेळी सर्वोत्तम चिलखतातला माणूस भेटतो. टारकोव्हमध्ये वाइपनंतरचे, म्हणजे सगळे पुसल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत गजबजलेले असतात ते याचमुळे. ज्यांना आठवड्यात चार-पाच तासच मिळतात, त्यांना मात्र वरचे अपग्रेड हाती येईस्तोवर सीझन संपलेला असेल. तुमचे आयुष्य असे असेल तर ही अडचण खरी आहे आणि सवयीने सुटणारी नाही.

एकट्याने खेळता येईल का?

येईल. एकट्यांची वेगळी रांग आहे. शिवाय दोन सोयी नीट वापरल्या तर पहिले काही दिवस सुसह्य होतात. एक म्हणजे 'स्पॉन्सर्ड किट', म्हणजे फुकट मिळणारा तयार संच. मेलात तर गेलेले तुमचे नव्हतेच. दुसरा रूक. नकाशातल्या वाटा आणि बाहेर पडायच्या जागा पाठ करण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे चांगले सामान जपून ठेवणे आणि रद्दी घेऊन उतरणे. त्यामुळे फेऱ्या हरतात, चांगले सामान हाताळायची सवय लागत नाही, आणि सीझन संपला की ते जपलेले सगळे पुसले जाते. साठा अर्धा भरला की त्यातले उत्तम काढून वापरा.

चीटर?

ही आमच्या मते सर्वांत गंभीर शंका आहे. चीटरने हरवले तर इथे तुमचे सामान जाते, आणि ते सामान गेमबाहेर खऱ्या पैशाला विकणारा बाजार उभा राहतो. भिंतीपलीकडचे पाहणारा चीट सर्वांत घातक, कारण तो पकडणे अवघड. तो वापरणारा यंत्रासारखा अचूक नेम धरत नाही; फक्त तुम्ही आणि उत्तम लूट कुठे आहे हे त्याला माहीत असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये टारकोव्हच्या एका खेळाडूने स्वतः चीट वापरून इतर चीटर किती आहेत ते व्हिडिओत दाखवले, आणि त्या गेमवरचा विश्वास बराच उडाला.

बंजीने दिलेली उत्तरे अशी: बॅटलआय हे चीटविरोधी सॉफ्टवेअर, खेळाची सूत्रे खेळाडूच्या संगणकाऐवजी डेडिकेटेड सर्व्हरकडे, पकडल्यास कायमची बंदी, आणि सर्व्हर तुमच्या संगणकाला तुमच्या आसपासचीच माहिती पाठवणार. शेवटचा उपाय महत्त्वाचा. जी माहिती संगणकावर येतच नाही ती चीटला दाखवता येत नाही. पण जवळच्या खोलीतल्या शत्रूची माहिती पाठवावीच लागते, नाहीतर तो दारातून अचानक प्रकट होईल. म्हणजे नकाशाभर पाहणारा चीट बंद होतो, जवळचे पाहणारा पूर्ण बंद होत नाही.

बॅटलआय विंडोजच्या कर्नेल पातळीवर, म्हणजे सर्वांत आतल्या, पूर्ण अधिकाराच्या पातळीवर चालते. ते गेमसोबत सुरू होते आणि गेमसोबत थांबते. संगणक सुरू होताच चालू होणाऱ्या 'व्हॅलोरंट'च्या व्हॅनगार्डसारखे ते नाही. कार्यालयाच्या लॅपटॉपवर मात्र टाकू नका.

भारतातून पिंग किती लागेल?

पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. जवळचा सर्व्हर कुठे मिळतो यावर सगळे आहे. मुंबई-पुण्यातून चांगल्या फायबरवर सिंगापूरला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद आणि युरोपला १२० ते १५० लागतात. ७० ला खेळता येते, पण कोपऱ्यावर उभे राहून वाट पाहणे तोट्याचे ठरते: समोरून धावत येणाऱ्याला तुम्ही आधी दिसता, आणि तुमच्या पडद्यावर तुम्ही आडोशाला पोचल्यावरही मेलेले दिसता. १३० ला या गेमवर पैसे घालू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिंगच्या सरासरीपेक्षा तिचे वरखाली होणे जास्त छळते. राउटरला लॅन केबल लावा. ते शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरा आणि मधे एकापेक्षा जास्त भिंत येऊ देऊ नका. मोबाइल हॉटस्पॉटवर हा गेम खेळू नका, कारण चार सेकंदांचा खंडही अख्खा संच घालवतो.

माझ्या पीसीवर चालेल का?

किमान गरज ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआयच्या तोडीचे कार्ड. शिफारस १६ जीबी आणि आरटीएक्स २०६०. म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वीचा मध्यम पीसीही चालेल. ८ जीबीवाल्यांनी ब्राउझर आणि डिस्कॉर्डचे व्हिडिओ बंद ठेवावेत, नाहीतर चकमकीतच चित्र अडकते.

फुकट चाचणीत नेमके काय पाहायचे?

२६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२६ या काळात 'सर्व्हर स्लॅम' ही सर्वांसाठी खुली चाचणी जाहीर झाली आहे. पहिल्या संध्याकाळवरून मत बनवू नका. सर्व्हर कोलमडतात का हे बघण्यासाठीच ती असते. आधीच डाउनलोड करून ठेवा आणि दोन वेगळ्या दिवशी रात्री ९ ते ११ मध्ये खेळा, कारण गेम घेतल्यावर तुम्ही त्याच वेळी खेळणार आहात.

एकट्यांच्या रांगेत किती वेळ थांबावे लागले ते घड्याळ लावून मोजा आणि शेवटच्या दिवशी पुन्हा मोजा. पावलांचा आवाज वरून येतो की खालून हे हेडफोनमध्ये कळते का ते बघा, कारण तीन मजली इमारतीत तेवढ्यावर जीव वाचतो. प्रत्येक मरणानंतर स्वतःला विचारा: कशाने मेलो ते कळले का? दहातल्या सात वेळा कळले तर खेळ तुम्हाला शिकवतो आहे. कळलेच नाही तर दोष पिंगचा आहे की गेमचा, हे शोधायला दुसऱ्या दिवशी रूक घेऊन उतरा. आणि लूटीची पिशवी उघडल्यावर काय ठेवावे, काय टाकावे हे दोन सेकंदांत ठरवता येते का ते पाहा. अल्फातली ती तक्रार किती दूर झाली ते तिथेच दिसेल.

प्री-ऑर्डर करू का?

नको. डिजिटल प्रत संपत नाही, आणि आगाऊ पैसे दिल्याचे बक्षीस म्हणजे थोडी सजावट. ज्या गेमचे आयुष्य खेळाडूंच्या संख्येवर आहे, त्याची संख्या दिसेपर्यंत थांबण्यात काहीच तोटा नाही.

घेतला आणि पटला नाही तर पैसे परत मिळतात का?

दुकानानुसार नियम वेगळे आहेत, आणि फरक मोठा आहे.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल तर परतावा मिळतो. हे दोन तास गेम उघडा असण्याचे आहेत. सुरुवातीचा सराव, मेनूत घालवलेला वेळ, रांगेतली वाट, सगळे धरले जाते. फेरी वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत चालते, म्हणजे हातात चारच फेऱ्या. म्हणून सेटिंग्जमध्ये अर्धा तास घालवू नका. त्या चाचणीतच ठरवून ठेवा. दीड तास झाला की थांबून निर्णय घ्या. परतावा मागताना तो स्टीम वॉलेटमध्ये हवा की मूळ माध्यमात ते निवडता येते. मूळ माध्यमात परत पाठवणे शक्य नसेल तर पैसे वॉलेटमध्येच येतात.

प्लेस्टेशन स्टोअर जास्त कडक आहे. तिथे १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केले की हक्क गेला, एक फेरी न खेळताही. प्री-ऑर्डर केली असेल तर गेम आपोआप डाउनलोड होतो आणि तेवढ्यानेही परतावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये स्वयंचलित डाउनलोड आधी बंद करा. पीसी आणि प्लेस्टेशन दोन्ही घरात असतील आणि मनात शंका असेल, तर पहिली खरेदी स्टीमवरच करा.